दार बाहेरच का उघडतं? अमेरिकेतल्या रोजच्या वस्तूंमागच्या विसरलेल्या हकिगती

शिकागोकर

अमेरिकेत शाळा, मॉल, दवाखाना, नाट्यगृह, कुठेही जा. बाहेर पडायच्या दारावर कमरेच्या उंचीला एक आडवी दांडी असते. मूठ फिरवायची नाही, कडी काढायची नाही. अंगाने रेटलं तरी दार उघडतं, आणि उघडतं ते बाहेरच्या बाजूला. हातात पिशव्या असल्या की आपण कोपराने ती दाबतो आणि चालू पडतो. इथे तिला पॅनिक बार म्हणतात. ती कुठून आली हे कळल्यापासून मी कुठल्याही सभागृहात बसण्याआधी बाहेरची दारं शोधतो. आपल्यापैकी बरेच जण अमेरिकेत राहतात किंवा येऊन-जाऊन असतात, म्हणून हा धागा.

शिकागोच्या डाउनटाउनमध्ये रँडॉल्फ स्ट्रीटवर आज नीडरलँडर थिएटर आहे. त्याच जागेवर नोव्हेंबर १९०३ मध्ये इरोक्वॉय थिएटर उघडलं. नवंकोरं, दिमाखदार, आणि जाहिरातीत ‘संपूर्ण अग्निरोधक’. उघडून सव्वा महिना झाला असेल नसेल, ३० डिसेंबरच्या बुधवारी दुपारचा खेळ होता. नाताळची सुट्टी, परीकथेवरचं संगीत नाटक, त्यामुळे बायका आणि मुलंच जास्त. खुर्च्या सोळाशेच्या आसपास, आत माणसं दोन हजारांवर. उरलेली मागे आणि बाजूच्या वाटांमध्ये उभी.

दुसऱ्या अंकात एका आर्क दिव्याची (रंगमंचावरच्या विजेच्या प्रखर दिव्याची) ठिणगी मलमलीच्या पडद्यावर पडली. वर रंगवलेले पडदे ओळीने टांगलेले होते, आग त्यांच्यात शिरली. तिथल्या माणसाकडे होत्या आग विझवायच्या पावडरच्या नळ्या. त्या पावडरने काही झालं नाही. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडायचा अग्निरोधक पडदा अर्ध्यातच अडकला. एडी फॉय नावाचा विनोदी नट अंगावरच्या नाटकाच्या पोशाखातच पुढे आला आणि लोकांना शांत राहा, सावकाश निघा म्हणून सांगत राहिला. तेवढ्यात नटमंडळी जीव वाचवायला मागचं सामान आणायचं मोठं दार उघडून बाहेर पडली. शिकागोचा डिसेंबर. थंड हवेचा लोट आत आला. रंगमंचावरचे धूर बाहेर टाकायचे झरोके बंद करून ठेवलेले होते, म्हणून ती सगळी आग अडकलेल्या पडद्याच्या खालून निघाली ती सरळ बाल्कनीवर गेली.

बाहेर पडायची दारं भरपूर होती. पण काही शोभेच्या पडद्यांमागे लपलेली, त्यांच्यावर पाटी नाही. काहींना असा खटका होता की तो कसा उघडायचा ते तिथल्या लोकांना ठाऊकच नव्हतं. काही दारं आत उघडणारी. आणि वरच्या मजल्यांवरून खाली येणाऱ्या जिन्यांवर लोखंडी जाळ्या ओढून कुलपं लावलेली, का, तर स्वस्त तिकिटवाल्यांनी मध्येच खाली येऊन महागाच्या रिकाम्या खुर्च्या बळकावू नयेत. एकूण ६०२ माणसं गेली.

मला त्या जाळ्यांचं जास्त वाईट वाटतं. ठिणगी पडणं हा अपघात म्हणता येईल. जाळीला कुलूप कुणीतरी रोज विचार करून लावत होतं.

इंडियानापोलिसला व्हॉनेगट हार्डवेअर नावाचं दुकान होतं. तिथला विक्रेता कार्ल प्रिन्झलर याच्याकडे त्या खेळाचं तिकीट होतं, ऐन वेळी काम निघालं म्हणून तो गेला नाही. पुढे त्याने हेन्री ड्युपाँट या ओळखीच्या वास्तुविशारदाला गाठलं. त्याला असं दार हवं होतं की बाहेरून कुणी फुकट आत शिरू शकणार नाही, पण आतून लहान मुलाच्या धक्क्यानेही उघडेल. १९०८ मध्ये ते विकायला आलं. व्हॉनेगट, ड्युपाँट, प्रिन्झलर या तिघांच्या नावांचे सुरुवातीचे तुकडे जोडून नाव ठेवलं व्हॉन ड्युप्रिन. आजही अमेरिकेतल्या कित्येक दारांवर दांडीच्या टोकाला हे नाव कोरलेलं दिसतं. (लेखक कर्ट व्हॉनेगट त्याच घराण्यातले, दुकान त्यांच्या पणजोबांनी काढलेलं.)

तुम्हाला अशा आणखी वस्तू माहीत असतील तर लिहा.

रानजाई

वाचून हात गार पडले. पण एक कळलं नाही. इमारत अग्निरोधक होती ना? मग ती जळली कशी?

शिकागोकर

रानजाई, इमारत फारशी जळलीच नाही! भिंती, छप्पर सगळं शाबूत होतं. डागडुजी करून दुसऱ्या नावाने तिथे पुन्हा खेळ सुरू झाले आणि पुढची वीसएक वर्षं ती उभी होती. विटा आणि दगड जळत नाहीत म्हणून मालकांनी तसं छापलं होतं. आतले पडदे, गाद्या, लाकूड, माणसं यांचा हिशेब त्यात नव्हता. खटले झाले, पण इतक्या मृत्यूंबद्दल शेवटी एकालाही शिक्षा झाली नाही.

लंबकोन

मी पुण्यात वास्तुरचनेचं काम करते, त्यामुळे थोडी भर घालते. आतून रेटून उघडायच्या कडीची कल्पना त्याआधी इंग्लंडमध्ये निघाली होती. १८८३ मध्ये सुंदरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. शेवटी खाली बक्षिसं वाटतायत म्हटल्यावर गॅलरीतली मुलं जिन्याने धावली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून अडकवलेलं. १८३ मुलं चेंगरली. तिथे आग नव्हती, धूरही नव्हता. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्जने १८९२ मध्ये तशा कडीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत ती घराघरांत, म्हणजे दारादारांत पोचवली ती मात्र प्रिन्झलरच्या कंपनीने.

दार आत उघडणारं असलं तर नेमकं काय होतं ते सांगते, कारण पुष्कळ घरमालकांना हे पटवून द्यावं लागतं. दार आपल्याकडे ओढायचं तर पुढच्या माणसाला पाऊलभर मागे सरावं लागतं. मागून पन्नास माणसं रेटत असताना तो सरणार कसा? दाराला कुलूप नसलं तरी ते उघडत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराला तोच रेटा उपयोगी पडतो. म्हणून खोलीत माणसं जास्त मावत असतील तर दार बाहेरच उघडायला हवं. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने १९१३ मध्ये यासाठी समिती नेमली आणि १९२७ मध्ये बाहेर पडायच्या वाटांची स्वतंत्र नियमावली काढली. आज जगभर तिचा आधार घेतात.

पिंपळपान

न्यूयॉर्कहून लिहितोय. १९१३ च्या समितीचा उल्लेख आला, तर त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट सांगायलाच हवी.

वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला एक गल्ली सोडून दहा मजल्यांची इमारत आहे. आता ती न्यूयॉर्क विद्यापीठाची आहे, वर प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थी कॉफीचे पेले घेऊन आत-बाहेर करत असतात. १९११ मध्ये तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी होती. बायकांचे झंपर शिवायचा कारखाना. कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, बोटीतून उतरून थोडीच वर्षं झालेल्या. काही जणी चौदा-पंधरा वर्षांच्या.

२५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायची वेळ. आठव्या मजल्यावर कापडाच्या तुकड्यांच्या पेटीत आग लागली. आठव्यावरच्या बहुतेक जणी निघाल्या. दहाव्यावर मालक होते, त्यांना फोन गेला, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले. नवव्या मजल्याला कुणीच कळवलं नाही. तिथल्या दोन जिन्यांपैकी वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं दार कुलूपबंद होतं, कारण संध्याकाळी सगळ्यांनी एकाच दाराने जायचं आणि जाताना पहारेकऱ्याला पर्स उघडून दाखवायची. मागचा लोखंडी जिना वजनाने वाकला आणि माणसांसकट खाली कोसळला. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. जोसेफ झीटो आणि गॅस्पर मॉर्टिलालो हे लिफ्ट चालवणारे दोघं जमेल तोवर वर-खाली करून मुलींना आणत राहिले. १४६ जण गेले, त्यातल्या १२३ बायका आणि मुली.

मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस या मालकांवर खटला झाला. दाराला कुलूप होतं हे त्यांना माहीत होतं, एवढं सिद्ध करायचं होतं. ज्युरीने त्यांना सोडून दिलं. साक्षीत हॅरिसला विचारलं होतं की मुलींनी चोरलेला माल असा किती रुपयांचा, म्हणजे डॉलरचा? सगळा मिळून २५ डॉलरच्या वर जाणार नाही, असं त्याने कबूल केलं. त्या २५ डॉलरसाठी ते कुलूप होतं. आणि १९१३ मध्ये ब्लँकच्या दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप सापडलं. दंड झाला २० डॉलर.

त्या दुपारी फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण बाई त्याच चौकात मैत्रिणीकडे चहाला आली होती. आरडाओरडा ऐकून ती धावली आणि तिने वरून उड्या मारणाऱ्या मुली पाहिल्या. पुढे राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तिने त्यासाठी काम केलं, आमदारांना प्रत्यक्ष कारखान्यांत नेऊन तिथली अवस्था दाखवली. त्यातून न्यूयॉर्कमध्ये कामगारांसाठी कायद्यांची रांग लागली. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तिला कामगारमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली बाई. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणाचं सरकारी पेन्शन), किमान वेतन, यांच्या मसुद्यांत तिचा हात आहे. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर वेळी सोशल सिक्युरिटीची कपात दिसते, त्या ओळीचा एक धागा या नवव्या मजल्यापर्यंत जातो.

दर वर्षी २५ मार्चला शहरातले लोक खडू घेऊन बाहेर पडतात. मेलेल्या प्रत्येक मुलीचं घर कुठे होतं ते माहीत आहे. त्या घरापुढच्या फुटपाथवर तिचं नाव, वय आणि पत्ता लिहितात. लोअर ईस्ट साइडला तर एकेका गल्लीत अशी कितीतरी नावं. हे २००४ पासून चालू आहे. मी ज्या दारापुढे लिहितो तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार बाहेर येऊन वाचतो आणि त्या दिवशी तेवढी जागा झाडत नाही. २०२३ मध्ये इमारतीवर पोलादी पट्टीचं स्मारकही झालं, पण मला खडू जास्त जवळचा वाटतो.

दगडफूल

पिंपळपान, फार चांगलं लिहिलंत. तो लोखंडी जिना म्हणजे सिनेमात दिसतो तोच का? इमारतीच्या दर्शनी भागावर, नागमोडी?

पिंपळपान

हो, तसाच फायर एस्केप, फक्त ट्रँगलचा मागच्या बाजूला होता. १८६० मध्ये एल्म स्ट्रीटवरच्या एका चाळवजा इमारतीत आग लागली, जिना एकच आणि तोही लाकडी, वीस माणसं गेली. त्यानंतर भाड्याच्या घरांना दुसरी वाट हवी असा कायदा आला. मालकांना आत दुसरा जिना बांधायचा म्हणजे एक भाड्याची खोली जाणार. बाहेरून लोखंड टांगणं स्वस्त. शहराचा चेहरा ठरला तो या काटकसरीमुळे.

मग लोकांनी त्याचं अंगण केलं. उन्हाळ्यात गाद्या टाकून झोपायचे, कपडे वाळत घालायचे, कुंड्या ठेवायचे, पोरं खेळायची. आपल्या चाळीच्या गॅलरीसारखंच ते. पण सामान ठेवलं की वाट बंद, म्हणून तिथे काही ठेवायला तेव्हाही बंदी होती आणि आजही आहे. १९६८ च्या बांधकाम नियमांपासून नव्या इमारतींना बाहेरचा असा जिना चालत नाही, आत बंदिस्त जिनेच लागतात. दिसतात ते सगळे जुने.

सांजवारा

बॉस्टनमध्ये दवाखान्यात नोकरी करते. इथली कोकोनट ग्रोव्हची आग कुणी लिहिली नाही अजून.

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवारची रात्र. नाइटक्लब, छताला कापड, खोटी ताडाची झाडं. परवानगी ४६० माणसांची, आत हजाराच्या घरात. तळघरातल्या बारमध्ये आग लागली आणि काही मिनिटांत वर आली. मुख्य दरवाजा म्हणजे गोल फिरणारं एकच दार. दोन्ही बाजूंनी माणसं रेटू लागली आणि ते जागच्या जागी अडकलं. बाकीची दारं कडी घातलेली, कारण बिल न देता गिऱ्हाईक सटकू नये. ४९२ माणसं गेली. क्लबच्या मालकाला तुरुंगवास झाला.

आता अमेरिकेत कुठेही फिरतं दार पाहा, त्याच्या शेजारी साधं, बाहेर उघडणारं दार असतंच. ते या रात्रीनंतर आलं. शिवाय फिरत्या दाराच्या पाकळ्या जोरात रेटल्यावर घडी होऊन वाट मोकळी व्हावी लागते.

आमच्या पेशात ही आग दुसऱ्याच कारणाने शिकवतात. मॅसॅच्युसेट्स जनरल या इथल्या रुग्णालयात भाजलेल्या माणसांच्या जखमांवर रंगाचं औषध फासण्याऐवजी मऊ मलमपट्टी करायला लागले, अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून सलाइनचं मोजमाप बसवलं. पेनिसिलिन तेव्हा बाजारात नव्हतं. मर्क या औषध कंपनीने न्यू जर्सीहून ते पोलिसांच्या पहाऱ्यात पाठवलं. आणि एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने वाचलेल्यांशी, मागे राहिलेल्या नातेवाइकांशी बोलून शोकावर निबंध लिहिला, १९४४ मध्ये. दुःख माणसाच्या शरीरात कसं उतरतं, झोप-भूक-श्वास कसे बिघडतात, हे त्यात नीट नोंदवलंय. कोविडच्या वेळी आम्हाला ते पुन्हा वाचायला दिलं होतं.

टेकडीपल्याड

शाळांतल्या फायर ड्रिलबद्दलही लिहा कुणीतरी. माझी मुलगी न्यू जर्सीत दुसरीत आहे. त्यांची महिन्याला ड्रिल होते, भर हिवाळ्यात जॅकेट न घालता बाहेर उभं करतात. मला आधी राग यायचा.

शिकागोकर

टेकडीपल्याड, जॅकेट घ्यायला मुलं खुंटीपाशी थांबली की दाराशी गर्दी होते, म्हणून तसं करतात.

१९०८ मध्ये क्लीव्हलँडजवळ कॉलिनवूडच्या शाळेत १७२ मुलं गेली, बहुतेक खालच्या दाराशी एकमेकांवर पडून. आणि आमच्या शिकागोत १ डिसेंबर १९५८ ला अवर लेडी ऑफ द एंजल्स ही शाळा. ९२ मुलं आणि ३ नन. जिने लाकडी, वरच्या वर्गांच्या बाजूला त्यांना दारच नाही, त्यामुळे धूर सरळ वर. शाळेची आगीची घंटा बंबाच्या कचेरीशी जोडलेली नव्हती. संतापजनक म्हणजे शाळेची तपासणी झालेली होती आणि ती पास होती, कारण नवे नियम जुन्या इमारतींना लागू नव्हते. त्यानंतर देशभर शाळांच्या जिन्यांना दारं बसली, जुन्या शाळांतही.

मुलीला ड्रिलला जाऊ दे. थंडी सोसेल ती.

वडाचीसाल

ठाण्याहून. आमच्या सोसायटीत मी कमिटीवर आहे. हे सगळं वाचताना मला आमच्या गच्चीचं दार दिसत होतं. त्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे. कारणं नेहमीची : पोरं वर जातात, बाहेरची माणसं येऊन बसतात, टाकीत कुणी काही टाकेल. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ मध्ये ५९ माणसं बाल्कनीत अडकून गेली, तिथेही जादा खुर्च्या टाकून बाहेर जायची वाट बंद केली होती. म्हणजे चार तिकिटं जास्त विकायला. शिकागोतल्या जाळीत आणि यात मला फरक दिसत नाही. लंबकोन ताई, आम्ही काय करायचं? कुलूप काढा म्हटलं की मीटिंगमध्ये भांडणं होतात.

लंबकोन

वडाचीसाल, आग लागल्यावर पहिली वाट जिन्याने खालीच. धूर वर चढतो, म्हणून गच्चीकडे धावा असं मी कुणाला सांगणार नाही. पण खालचा जिना धुराने भरला तर वरची माणसं गच्चीकडेच येणार, आणि दार बंद असेल तर जिन्याच्या माथ्यावर, जिथे धूर सगळ्यात जास्त साठतो, तिथे अडकणार.

कुलूप काढा म्हणू नका. कुलूप बदला म्हणा. याच धाग्यातली दांडी आपल्याकडे मिळते. जिन्याच्या बाजूने रेटलं की उघडेल, गच्चीच्या बाजूने किल्ली लागेल. तिला बॅटरीवरचा भोंगा जोडता येतो; पोरं वर गेली की वॉचमनला ऐकू येईल. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी (आगीची यंत्रणा नीट चालते असा दाखला) द्यावा लागतो. त्या एजन्सीच्या माणसाला मीटिंगलाच बोलवा आणि त्याच्या तोंडून सांगू द्या. बाहेरच्याचं ऐकतात. आणि दोन जिने असतील तर दुसऱ्या जिन्यातल्या सायकली, जुनी कपाटं आधी हलवा. त्याला पैसेही लागत नाहीत.

वडाचीसाल

हे जमण्यासारखं आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत टाकतो. कपाटांपैकी एक माझंच आहे, ते रविवारी निघेल.

दगडफूल

एक शंका. इथे मोठ्या दुकानांच्या मागच्या दारावर पाटी असते, दांडी दाबून धरा, भोंगा वाजेल, दार १५ सेकंदांनी उघडेल. आग लागलेली असताना १५ सेकंद थांबायचं?

लंबकोन

चांगला प्रश्न. ती चोरीसाठी केलेली तडजोड आहे. माल घेऊन मागच्या दाराने पळणाऱ्याला १५ सेकंद अडवायचं, तेवढ्यात दुकानातली माणसं पोचतात. पण नियम असा की आगीची घंटा वाजली, पाण्याचे फवारे सुरू झाले किंवा वीज गेली की ते थांबणं आपोआप रद्द होतं आणि दांडी दाबताक्षणी दार उघडतं. म्हणून असं दार लावायचं तर इमारतीत फवारे नाहीतर धूर-उष्णता ओळखणारी यंत्रणा असावीच लागते. आणि थिएटर, नाइटक्लब यांसारख्या गर्दीच्या जागी साधारणपणे त्याला परवानगी मिळत नाही. चोरीची भीती ट्रँगलच्या मालकांनाही होती. आता त्या भीतीला १५ सेकंदांच्या वर जागा नाही, आणि आग लागली तर तेवढीही नाही.